काचेवर लाटलेल्या दांड्या

निपाणीत जुन्या हायवेला लागून माझ्या मामांचं गॅरेज आहे. मामांचं नाव रवळू, पण निपाणीत सगळे त्यांना रवळूअण्णाच म्हणतात. गॅरेजच्या मागच्या भिंतीला एक जाड काच टेकवून ठेवलेली आहे. एका मिठाईच्या दुकानाचं शोकेस फुटलं, त्यातली ही वाचलेली काच. इंजीन खोललं की मामा ती टेबलावर आडवी घालायचे, फडक्यानं पुसायचे आणि इंजिनातल्या दांड्या एकेक करून तिच्यावर पोळी लाटावी तशा लाटायचे.

दांडी म्हणजे पुशरॉड. जुन्या इंजिनात कॅमशाफ्ट खाली असतो आणि वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, वर, इंजिनाच्या माथ्यावरच्या हेडमध्ये. कॅमचा धक्का वर पोचवायचं काम ही लोखंडी दांडी करते. ती वर असलेल्या राकरचं एक टोक उचलते, मग राकरचं दुसरं टोक वॉल दाबतं आणि वॉल उघडतो. सी-सॉवर दोन पोरं बसतात तसंच. दांडी वाकलेली असेल तर काचेवर फिरताना टकटक वाजते. सरळ असेल तर आवाज न करता घरंगळत जाते.

सगळ्या दांड्या अशा घरंगळल्या की मामा त्या एका ओळीत उभ्या धरायचे, वरून तळहात फिरवायचे आणि म्हणायचे, "सगळ्या सारख्या. एका आईची लेकरं."

समोर भावकूचा चहाचा गाडा आहे. तिथं बसलेले ड्रायव्हर हे बघायला रस्ता ओलांडून यायचे. एखादा नवीन ड्रायव्हर विचारायचा, "अण्णा, मीटर-बीटर लावत न्हाय काय?" दुसराच कुणीतरी उत्तर द्यायचा, "अण्णाचा हातच मीटर हाय रं. गप बघ."

मामांना हे आवडायचं. ते मान वर करायचे नाहीत, पण कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. आजोळी, गुंजीत, अजून सांगतात की रवळू लहानपणी कुणी शाबासकी दिली की तिथून पळून जायचा. निपाणीला येईपर्यंत ते पळणं थांबलं होतं.

गुंजीहून मामा रेल्वेनं बेळगावला आले ते शेतावर मन लागत नव्हतं म्हणून. किल्ल्याजवळच्या एका गॅरेजात गुंडू मिस्त्री म्हणून होते, त्यांच्या हाताखाली लागले. तेव्हा टॅक्स्या म्हणजे सगळ्या अँबॅसिडर. गुंडू मिस्त्री हेड काढून दुरुस्त केलेलं कुठलंही इंजीन जोडताना जुन्या दांड्या बाजूला ठेवत आणि खिशातून एक वेगळीच दांडी काढत. ती मधोमध कापून आटे पाडलेली होती, फिरवली की लांब व्हायची, उलटी फिरवली की आखूड. तिला ते मापदांडी म्हणत. ती इंजिनात उभी करायची, राकर बसवायचा, इंजीन हातानं हळूहळू पूर्ण फिरवायचं, कुठं काही अडतंय का बघायचं, आणि मग त्या मापाच्या दांड्या घालायच्या. "दांडीला काय इचारतोस?" ते म्हणत. "इंजिनाला इचार, त्याला केवढी पायजे."

मामांनी निपाणीत स्वतःचं गॅरेज काढलं तेव्हा गुंडू मिस्त्रींनी ती मापदांडी त्यांना दिली. पहिली काही वर्षं मामांनी ती वापरली. पण माप घ्यायला वेळ लागायचा आणि माप प्रत्येक वेळी तेच निघायचं. शिवाय माप घेताना बघायला कुणी थांबायचं नाही. मधल्या काळात काच आली. मापदांडी कोपऱ्यात पडली, आणि शटरच्या कडीतला बोल्ट तुटला तेव्हा मामांनी तीच कडीत आडवी घातली. रोज संध्याकाळी गॅरेज बंद व्हायचं ते गुंडू मिस्त्रींच्या मापदांडीनं.

मामांच्या गॅरेजचा आणखी एक रिवाज होता, नारळाचा. इंजीन पूर्ण जोडून झालं की गाडीचा मालक नारळ घेऊन येतो आणि तो मडगार्डवर ठेवतो. नारळ ठेवल्यावर पाना लावायचा तो फक्त टापेट लावायला, म्हणजे राकर आणि वॉल यांच्यामधली फट नीट करायला. बाकी एकही नट मागं फिरवायचा नाही. मग इंजीन सुरू होतं, नारळ फुटतो, पेढे वाटतात. ठेवलेला नारळ परत पिशवीत गेला असं मामांच्या गॅरेजात कधी झालं नव्हतं. बाजूच्या गॅरेजात एकदा झालं होतं, तर ड्रायव्हर अजून त्या मिस्त्रीला 'नारळ परत' म्हणूनच हाक मारतात.

बेळगावच्या रघुवीर वकिलांची अँबॅसिडर मामांकडं आली ती गेल्या वर्षी. वकिलांच्या वडिलांची गाडी. त्यांनी हौसेनं सांभाळलेली. कोल्हापूरहून परत येताना तवंदी घाटात पाणी आटून इंजीन तापलं आणि हेड वाकलं. वाकलेल्या हेडचा तळ मशीनवर घासून सपाट करून घेतात, त्याला आमच्याकडं फेस मारणं म्हणतात. ते काम मामा कायम परशरामकडं देत. परशरामचं लेथचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत. दोघं साधारण एकाच वेळी निपाणीत आले. परशराम कंग्राळीचा. रोज संध्याकाळी काम आटपलं की तो भावकूच्या गाड्यावर यायचा, दोघं एकेक कप चहा घ्यायचे, फारसं न बोलता. मी लहानपणी सुट्टीत निपाणीला जायची तेव्हापासून हे बघत आलेय.

फेस मारून हेड परत देताना परशराम म्हणाला, "रवळू, ह्ये आधी बी कुनीतरी लई घासलंय. आता मला परत बरंच काढाय लागलं. वॉल बसायच्या शीटा बी खोल गेल्यात. राकर बसवताना जरा बघून घे."

"माझं मी बघतो की," मामा म्हणाले. "तू तुझा पट्टा सांभाळ."

दोघं हसले. ते त्यांचं नेहमीचं हसणं होतं.

आता यात काय बघायचं होतं ते सांगते. हेड घासलं की ते तेवढं खाली येतं. त्याच्याबरोबर राकरही खाली येतो. दांडी मात्र तेवढीच राहते. छप्पर खाली घेतलं आणि खांब पूर्वीचाच ठेवला, तर खांब उंच ठरणारच. राकरच्या टोकाला एक स्क्रू असतो, तो वर घेऊन थोडाफार फरक भरून काढता येतो, पण थोडाच. मामांनी काच आडवी घातली, दांड्या लाटल्या. सगळ्या सरळ होत्या, सगळ्या सारख्या होत्या. एका आईची लेकरं. आणि त्या सगळ्याच्या सगळ्या त्या इंजिनाला लांब होत्या.

टापेट लावायच्या वेळी वकीलसाहेब आणि नीलावहिनी नारळ घेऊन आले. नारळ मडगार्डवर ठेवला गेला. भावकूच्या गाड्यावरची मंडळी आली. मामा स्क्रू फिरवायला लागले, फट मिळेना म्हणून वर घेत गेले, आणखी वर, आणखी वर, आणि स्क्रूचा खालचा गोळा राकरच्या पोटाला टेकायला आला. तिथं कशीबशी फट मिळाली. प्रत्येक राकरला तेच.

मामांनी मला नंतर सांगितलं, "हाताला कळलं हुतं गं. पहिल्याच स्क्रूला कळलं. पर नारळ ठेवलेला. वकीलसाहेब हात जोडून उभे. म्हटलं, बसंल. गरम झालं की बसंल."

गरम झालं की लोखंड बसत नाही, वाढतं. हे मामांना माझ्यापेक्षा जास्त चांगलं माहीत आहे.

इंजीन छान सुरू झालं. नारळ फुटला. परशरामला पेढा पोचवला गेला.

काही आठवड्यांनी तीच गाडी एका ट्रॅक्टरला बांधून भावकूच्या गाड्यासमोर येऊन थांबली. पुन्हा तवंदी घाट. चढावर गाडीनं दम सोडला, इंजीन फटफट करत अडखळायला लागलं आणि बंद पडलं. वकीलसाहेब घामानं भिजले होते. नीलावहिनी गाडीतून उतरल्या, छत्री उघडली आणि भावकूला म्हणाल्या, "पेढे खाणारे मिस्त्री हेच ना?"

कुणीतरी कप खाली ठेवला, त्याचासुद्धा आवाज आला.

मामांनी बॉनेट उघडलं. हँडल घालून इंजीन फिरवलं, एका सिलिंडरला अजिबात जोर लागत नव्हता. एवढंच बघून, एकही नट न उघडता, मामा म्हणाले, "लेथवाल्यानं हेड वाकडं मारलंय. माझ्याकडचं काम बरोबर हाय."

"असं होय," वकीलसाहेब म्हणाले. "मग तुमची काही चूक नाही."

"न्हाय," मामा म्हणाले.

गाड्यावर पुन्हा बोलणं सुरू झालं. एकजण म्हणाला, "परशरामची नजर गेली वाटतं." दुसरा म्हणाला, "वय झालं." मामांनी परशरामचं नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरज नव्हती.

त्या संध्याकाळी परशराम चहाला आला नाही. पुढचे काही दिवसही नाही. मग एका दुपारी तो गॅरेजात येऊन उभा राहिला, हात पुसत. बसला नाही.

"रवळू, तू बोललास म्हनं."

"मी तुझं नाव घेतलेलं न्हाय," मामा म्हणाले.

"नाव?" परशराम म्हणाला. "तुझं काम कुन्या लेथवाल्याकडं जातं, हे निपाणीत कुनाला ठावं न्हाय?"

मामा गाडीखालीच होते. बाहेर आले नाहीत. परशरामनं त्यांचे पाय बघितले आणि तो निघून गेला.

परशरामकडं येणारी हेडं संकेश्वरला जायला लागली. बाजारात त्याची बायको जयाबाई दिसली की माझी मामी मालुबाई हाक मारायची, आणि जयाबाई मेथीच्या जुडीकडं बघत राहायची. मामी घरी येऊन मामांना म्हणाली, "व्हय हो, इतकी वर्सं एका चादरीवर पापड वाळवले आमी. तुमी काय केलंय ते तरी सांगा मला." मामा म्हणाले, "परशरामला जरा राग आलाय." मामी म्हणाली, "जरा आलेला राग बाजारापर्यंत येत न्हाय."

वकिलांची गाडी तशीच गॅरेजात ताडपत्री टाकून उभी होती. मामा दुसरी कामं पुढं घेत होते. वकीलसाहेबांचा फोन आला की म्हणायचे, "नवीन हेड शोधतोय साहेब." ते शोधत नव्हते.

मी बेळगावात उद्यमबागेत एका फौंड्रीत कामाला आहे, तपासणी खात्यात. एका रविवारी आईनं दिलेली चटणी पोचवायला निपाणीला गेले. घरी मामी म्हणाली, गॅरेजात आहेत. शटर अर्धं खाली होतं. मी वाकून आत गेले. मामा एकटेच स्टुलावर बसले होते, समोर टेबलावर त्या अँबॅसिडरचं हेड उलटं ठेवलेलं. आज ते उघडायचं धाडस त्यांनी केलं होतं, कारण रविवारी भावकूचा गाडा बंद असतो.

"बघ," ते म्हणाले.

हेडवर लोखंडी पट्टी उभी धरलेली होती. खालून कुठंही उजेड येत नव्हता. गॅस्केटचा छाप सगळीकडं सारखा उमटला होता, कुठं फिकट नाही, कुठं जाड नाही. परशरामनं मारलेला फेस आरशासारखा सरळ होता. एक वॉल कडेला जळून खरवडल्यासारखा झाला होता. फट उरली नाही की वॉल पूर्ण मिटत नाही, आणि न मिटलेल्या वॉलच्या कडेनं आग निसटत राहते. बाजूला राकर ठेवले होते. प्रत्येकाच्या पोटावर चंद्रकोरीएवढी एक चकचकीत घासलेली खूण होती. दांडीच्या वरच्या टोकाला स्क्रूचा गोळा बसायला वाटी असते, तिची कड तिथं घासत होती. एका दांडीच्या वाटीला चीर गेली होती.

"तू शिकलेली हैस," मामा म्हणाले. "तपासणी करतीस. दुसरं कायतरी कारन निघतंय काय बघ की."

मी पुन्हा बघितलं. खरंच बघितलं. कारण निघावं असं मलाही वाटत होतं.

"निघत नाही, मामा."

त्यांनी मान हलवली. हे त्यांना मी यायच्या आधीच कळलेलं होतं, कदाचित नारळाच्या दिवशीच. मग ते उठले, शटरपाशी गेले आणि कडीतली मापदांडी काढली. गंजून ती एकजीव झाली होती. त्यांनी तेल सोडलं, पकडीत धरली, जोर लावला. दांडी आट्यातच तुटली. दोन तुकडे हातात घेऊन ते उभे राहिले आणि मला म्हणाले, "तू घरी जा. मामीला कायबी सांगू नको."

हे 'कायबी सांगू नको' त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. मला त्यांच्याकडं बघवेना.

दुसऱ्या दिवशी ते दोन तुकडे फडक्यात गुंडाळून मामा एसटीनं कोल्हापूरला गेले. निपाणीत कुठल्याही लेथवर ती दुरुस्त करायला दिली असती तर प्रश्न निघाले असते. कोल्हापूरच्या लेथवाल्याला काय माहीत, असा त्यांचा हिशेब. नवी मापदांडी करून घ्यायची, माप घ्यायचं, दांड्या आखूड करून घ्यायच्या, वॉल बदलायचा, गाडी गुपचूप वकिलांना द्यायची. वाकड्या हेडचं काय झालं असं कुणी विचारलं तर म्हणायचं, सरळ करून घेतलं.

कोल्हापूरचा लेथवाला तुकडे हातात फिरवत म्हणाला, "मापदांडी! अजून कोण वापरतंय ही? कुठले म्हणायचे तुम्ही?"

"निपाणी."

"निपाणी? मग ते हेड तुमच्या गावचंच काय, परशरामनं बिघडवलेलं? आमच्याकडं एक जीपवाला सांगत होता. चांगला कारागीर होता म्हणे. त्याच्याकडं काही देऊ नका आता."

मामा मला सांगत होते तेव्हा इथं थांबले. "मी त्याला खरं सांगितलं न्हाय," ते म्हणाले. "तुकडं परत घेतलं आन् स्टँडवर येऊन बसलो. निपाणीची एक गाडी सोडली. दुसरी बी सोडली."

निपाणीला उतरल्यावर ते गॅरेजला गेले नाहीत. बाजाराच्या मागच्या गल्लीत गेले. परशरामचं मशीन बंद होतं. तो पायरीवर पेपर वाचत बसला होता, भर कामाच्या वेळी. मामांनी ते तुकडे त्याच्यापुढं ठेवले.

"हेड सरळ हाय," मामा म्हणाले. "दांड्या लांब हुत्या. मी माप घेतलं न्हाय."

परशरामनं पेपर घडी केला. तुकड्यांकडं बघितलं. "गुंडू मिस्त्रीची न्हवं ही?"

"व्हय."

"हेड सरळ हाय हे मला सांगाय आलास?" परशराम म्हणाला. "मी मारलाय फेस. मला ठावं न्हाय व्हय? जिथं बोललास तिथं जाऊन सांग."

त्यानं तुकडे उचलले, आत गेला आणि मशीन सुरू केलं. मामा पायरीवर उभे राहिले. आत या असं त्यानं म्हटलं नाही.

त्या संध्याकाळी भावकूच्या गाड्यावर नेहमीची मंडळी होती. मामांनी चहा घेतला नाही. उभ्यानंच म्हणाले, "वकिलांच्या गाडीचं हेड वाकडं नव्हतं. परशरामचं काम बरोबर हुतं. चूक माझी."

मग एकजण हसला. "अण्णा, दोस्तीसाठी एवढं?"

"माणूस म्हंजे माणूस हाय बघ," दुसरा म्हणाला. "परशरामला वाचवाय सोताच्या अंगावर घ्यायला निघालाय."

"तसं न्हाय," मामा म्हणाले. "खरंच माझी..."

"असू दे अण्णा, समजलं आमाला," भावकू म्हणाला आणि चहाचा कप त्यांच्या हातात दिला. "परशरामला सांगा, अण्णासारखा दोस्त मिळायला नशीब लागतं."

मामांच्या हातात कप होता. सांगायचं ते सांगून झालं होतं. परशरामनं सांगितलं तिथंच, सगळ्यांसमोर. इथं थांबलं असतं तर चाललं असतं. उलट मान वाढला होता. मामा म्हणाले, "रूपाली, खरं सांगतो, तो चहा मी अर्धा प्यालो." कानाच्या पाळ्या तेव्हाही लाल झाल्या असणार. पण त्याचं कारण वेगळं.

त्यांनी कप ठेवला, रस्ता ओलांडला आणि गॅरेजातून ते हेड उचलून आणलं. ओझ्यानं वाकून चालत होते. भावकूच्या गाड्यावर, बिस्किटांच्या बरण्या सरकवून, त्यांनी ते उलटं ठेवलं. पट्टी उभी धरली. "बघा. उजेड येतोय काय?" मग राकर आणले, एकेकाच्या हातात दिले. "पोटावर बघा. ही खूण कशाची? दांडी लांब झाली म्हनून घासलीया. नारळ ठेवला तवाच स्क्रू टेकत हुता. मला कळलं हुतं. मी उघडलं न्हाय, कारन तुमी बघत हुता. आन् परशरामनं आधीच सांगितलं हुतं, राकर बघून घे म्हनून."

आता कुणी हसलं नाही. ही मंडळी गाड्या चालवणारी. घासलेलं लोखंड त्यांना वाचता येतं. राकर एका हातातून दुसऱ्या हातात गेला. आधी हसलेला माणूस खाली बघत म्हणाला, "म्हंजे त्या दिवशी वकिलांसमोर..."

"खोटं बोललो."

एक जीपवाला राकर परत करत हळूच म्हणाला, "अण्णा, आमच्या गाडीच्या दांड्या बी तुमी काचेवरच लाटलेल्या न्हवं?"

"व्हय," मामा म्हणाले. "घेऊन ये. बघून देतो."

तो आला नाही. संकेश्वरला गेला. आणखी काहीजण गेले.

वकीलसाहेबांना मामांनी फोनवर कारण न सांगता बोलावून घेतलं. नीलावहिनीही आल्या. मामांनी त्यांना तेच हेड, तेच राकर दाखवले. वकीलसाहेब म्हणाले, "म्हणजे मी बेळगावात चार लोकांना त्या माणसाबद्दल जे सांगितलं, ते सगळं..." नीलावहिनी म्हणाल्या, "आता आधी त्यांच्या दुकानी जाऊया." ते गेले. मामा बरोबर गेले नाहीत, त्यांना कुणी चला म्हटलं नाही.

कोल्हापूरलाही मामा पुन्हा जाऊन आले. त्याबद्दल ते काही सांगत नाहीत.

परशरामनं मापदांडी नवी करून दिली. जुन्याच तुकड्यांची, मध्ये नवे आटे पाडून. ती देताना म्हणाला, "फिरवून बघ." मामांनी फिरवली. लोण्यासारखी फिरली. मामांनी ती इंजिनात उभी केली, राकरचा स्क्रू मधोमध ठेवला, फट मिळेपर्यंत दांडी आखूड केली, इंजीन हातानं पूर्ण फिरवलं. कुठं घासलं नाही. मग ते माप घेऊन सगळ्या दांड्या परशरामकडं गेल्या. त्यानं वाट्या काढल्या, दांड्या कापल्या, वाट्या दाबून बसवल्या आणि स्वतः गॅरेजात आणून टेबलावर ठेवल्या.

"भावकूकडं चल की," मामा म्हणाले. "चहा घेऊ."

"मशीन चालू ठेवून आलोय," परशराम म्हणाला.

मशीन चालू ठेवून कुठलाही लेथवाला दुकानाबाहेर पडत नाही. मामांना ते माहीत होतं, परशरामलाही.

वकिलांच्या गाडीला नवा वॉल बसला, आखूड दांड्या बसल्या. नारळ आणला होता, पण मामांनी तो मडगार्डवर ठेवू दिला नाही. गाडी तवंदी घाट चढून, उतरून परत येईपर्यंत तो नीलावहिनींच्या पिशवीतच राहिला.

काच अजून भिंतीला टेकलेली असते. दांड्या सरळ आहेत का ते बघायला ती लागतेच. पण आता मामा दांड्या लाटतात, बाजूला ठेवतात आणि मापदांडी काढतात. माप घेताना बघायला कुणी थांबत नाही. शटरला साधा बोल्ट लावलाय.

संध्याकाळी ते भावकूकडं जातात. भावकू त्यांच्यापुढं एक कप ठेवतो. मामी सांगते की जयाबाई परवा बाजारात तिच्याशी बोलली, मेथी कशी दिली एवढंच, पण बोलली. परशराम अजून आलेला नाही. मामा बाकाच्या टोकाला बसतात, शेजारची जागा तेवढी सोडून. कुणी नवीन माणूस तिथं बसायला लागला की भावकूच त्याला म्हणतो, "जरा तिकडं बसा की." मामा परशरामच्या गल्लीच्या तोंडाकडं बघत नाहीत. कपाकडं बघत चहा पितात.